शेतात पूर शिरला म्हणून सातबारा नदीच्या नावावर होत नाही

पत्र: मी ३४ वर्षांची आहे. वसई तालुक्यात राहते, खासगी रुग्णालयात सिस्टर आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस नाइट असते. सहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मोठ्या भावाने वाटणीत माझं नाव घेतलं नाही, दोन वर्षं बोलणं बंद आहे. गेल्या तीन महिन्यांत पाच-सहा वेळा असं झालं, की नाइट करून सकाळी झोपले, मध्येच जाग आली, खोलीत कोणीतरी उभं आहे असं वाटलं, छातीवर दाब आला आणि येशूचं नाव घ्यायला गेले तर जीभ हलेना. प्रार्थनासभेतले भाऊ म्हणाले, तुझ्या आजीच्या अंगात यायचं, तोच आत्मा तुझ्यात उतरलाय. जीभ धरली म्हणजे तुझं तारण झालेलंच नाही, नाहीतर गेलं. सुटकेसाठी तीन रात्री जागरणाची प्रार्थना, सात दिवस उपवास आणि अकरा हजारांचं बीज-अर्पण सांगितलंय. आठ महिन्यांपासून नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम १० चालू आहे, ती ‘अविश्वासाची गोळी’ रविवारपासून बंद करायची म्हणाले. सोबतची कॅथलिक मैत्रीण म्हणते, फादरांकडे चल. माझ्यात दुष्टात्मा आहे का? माझं तारण गेलं का?

प्रिय ताई, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

आधी गोळीचं, कारण रविवार जवळ आलाय. गोळी बंद करू नका. पेशंटला तुम्ही स्वतः हेच सांगता: ही गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत हळूहळू उतरवायची असते. एकदम तोडली तर साधारण दोन ते चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, रडू, तुटक झोप आणि अंगावर येणारी स्वप्नं सुरू होऊ शकतात. आता सभेतला क्रम बघा. रविवारी गोळी बंद, बुधवारी हे सगळं सुरू, आणि भाऊ म्हणणार, “बघा, आत्मा चवताळला.” गोळी तोडल्याचा परिणाम दुष्टात्म्याच्या खात्यावर लिहिला जाईल आणि उपास आणखी सात दिवसांनी वाढेल. पौलाच्या सोबत लूक होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असं लिहिणाराही पौलच. औषध घेणं हा अविश्वास असता तर ही वाक्यं पवित्र शास्त्रात आली नसती.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दुष्टात्मे खरे आहेत, ही ख्रिस्ती शिकवण आहे. ती आम्ही पातळ करत नाही. येशूने त्यांना हाकललं आणि शिष्यांना तसा अधिकार दिला. पण विश्वासी माणसाचं आणि त्यांचं नातं नेमकं काय, हे समजून घ्यायला एका शब्दापाशी थांबावं लागेल.

मराठी शास्त्रात ‘भूतग्रस्त’ असा शब्द येतो. मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘दायमोनिझोमाय’. त्याचा अर्थ दुष्टात्म्याच्या प्रभावाखाली असणं, त्याने पिडलं जाणं. त्यात मालकीची कल्पना नाही. इंग्रजी भाषांतरांनी तिथे ताबा किंवा मालकी सुचवणारा शब्द रूढ केला, आणि तिथून ती कल्पना आपल्या सभांमध्ये आली. आपला मराठी शब्द मुळाच्या जास्त जवळ आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, कर्जग्रस्त हे शब्द आपण रोज वापरतो. शेतात पूर शिरला, पीक गेलं, गाळ साचला, विहीर बुजली, म्हणून सातबारा नदीच्या नावावर होत नाही. नुकसान खरं असतं, पण मालक बदलत नाही.

तुमच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, हे पौल इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो. विश्वास ठेवल्यावर तुमच्यावर पवित्र आत्म्याचा शिक्का झाला आणि तो आत्मा ‘वतनाचा विसार’ आहे. विसार म्हणजे काय, हे जमिनीचा व्यवहार पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. इथे विसार देणारा देव आहे. तो सौदा मोडून निघून जाणारा गिऱ्हाईक नव्हे. कलस्सैकरांस पत्रात पौल म्हणतो, की पित्याने आपल्याला अंधाराच्या सत्तेतून काढून आपल्या प्रिय पुत्राच्या राज्यात आणून ठेवलं आहे. हे झालेलं काम आहे. तीन रात्री जागून ते व्हायचं बाकी नाही.

मग विश्वासी माणसाला त्रास होऊ शकतो का? होऊ शकतो. पौलाला ‘देहातला काटा’ दिला होता. त्याला तो सैतानाचा दूत म्हणतो. तीन वेळा विनंती करूनही तो काटा निघाला नाही, आणि उत्तर मिळालं ते कृपा पुरेशी असल्याचं. हा प्रेषित, मंडळ्या उभ्या करणारा! त्याच्या तारणावर कोणी बोट ठेवलं नाही. पेत्राला सैतानाने गव्हासारखं चाळायला मागितलं तेव्हा येशू म्हणाला, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. त्याने पेत्राच्या अंगातून काही काढलं नाही.

लूकच्या तेराव्या अध्यायातली बाई जरा सावकाश पाहा. अठरा वर्षं ती वाकलेली आहे, तिला मुळीच सरळ होता येत नाही. लूक म्हणतो, तिला दुर्बल करणारा आत्मा लागला होता. येशू म्हणतो, सैतानाने हिला बांधून ठेवलं होतं. तरी ती शब्बाथाला सभास्थानात आलेली आहे. येशू तिला जवळ बोलावतो, तू मोकळी झाली आहेस म्हणतो, हात ठेवतो, ती सरळ होते आणि देवाचं गौरव करू लागते. आत्म्याला नाव विचारलं नाही, तिच्या आजीची चौकशी केली नाही, ओरडाआरडा नाही, अर्पण नाही. आणि सभास्थानाचा अधिकारी कुरकुर करू लागल्यावर येशू तिला काय म्हणतो? अब्राहामाची कन्या, म्हणजे देवाच्याच लोकांतली. सैतानाने बांधलेली आणि अब्राहामाची कन्या, दोन्ही एकाच वाक्यात.

यावर एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: ही घटना वधस्तंभ आणि पेन्टेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) यांच्या आधीची, तेव्हा ती बाई आजच्या अर्थाने आत्म्याने जन्मलेली विश्वासी नव्हती. इथेच मंडळ्यांमध्ये मतभेद सुरू होतात. असेम्ब्लीज ऑफ गॉड ही पेन्टेकॉस्टल मंडळी, म्हणजे सुटकेच्या सेवेवर पूर्ण विश्वास असलेली. तिने १९७२ साली लेखी भूमिका घेतली, की पवित्र आत्म्याचं मंदिर झालेल्या माणसात दुष्टात्मा वस्ती करू शकत नाही, बाहेरून हल्ला मात्र करू शकतो. उलट मेरिल अंगर या अमेरिकन अभ्यासकाने १९५२ साली ‘विश्वासी माणसात शक्य नाही’ असं लिहिलं आणि पुढे, मिशनऱ्यांचे अनुभव ऐकून, मत बदललं. पहिल्या मंडळीतल्या हनन्याच्या मनात सैतानाने भरवलं, असं पेत्र म्हणतो. शिमोन जादूगाराचा बाप्तिस्मा झालेला असूनही तो कडूपणाने भरलेला निघतो. ही उदाहरणं दोन्ही बाजू आपापल्या परीने वाचतात. आमचं मत पहिल्या बाजूचं आहे. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं हे, की पिडलं जाणं म्हणजे तारण गेल्याचा पुरावा, असं या दोन्ही बाजू म्हणत नाहीत. तारण गमावता येतं असं मानणाऱ्या मंडळ्यासुद्धा ते ख्रिस्ताला जाणूनबुजून सोडून देण्याबद्दल बोलतात. झोपेत जीभ न हलण्याबद्दल कोणीच बोलत नाही.

जिभेमुळेच तुम्ही सर्वांत जास्त घाबरलात, म्हणून तिथे जाऊ. स्वप्नांची झोप चालू असते तेव्हा आपण स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर स्नायू सैल सोडतं. हात, पाय, मान, जीभ, घसा सगळं थंड असतं. श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे चालू असतात. कधीकधी मन जागं होतं आणि शरीराची ही कळ अजून बंदच असते. छातीचे मदतनीस स्नायू सैल असल्याने खोल श्वास घेता येत नाही, म्हणून दाब वाटतो. मेंदू अर्धा स्वप्नात आणि धोका शोधणारा भाग पूर्ण जागा, म्हणून खोलीत कोणीतरी असल्याची खात्री वाटते. काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत हे सुटतं. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. पाठीवर झोपणं, झोप अपुरी असणं आणि पाळ्या बदलत राहणं यांनी तो वाढतो. तुमचे सगळे प्रसंग नाइटनंतरच्या सकाळचे आहेत, हे तुम्हीच लिहिलंय.

म्हणून जागरणाच्या तीन रात्री हा तुमच्यासाठी उलटा उपाय आहे. झोप जेवढी तुटेल, तेवढे हे प्रसंग वाढतील.

पुन्हा असं झालं तर सगळं अंग हलवायची धडपड करू नका, त्याने घाबरगुंडी वाढते. पायाचा एक अंगठा किंवा करंगळी हलवायचा प्रयत्न करा, डोळे डावी-उजवीकडे फिरवा, श्वास सावकाश बाहेर सोडा. मनात म्हणा, “प्रभू येशू, मी तुझी आहे.” ओठ हलले पाहिजेत असं नाही. हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती तेव्हा तिचा आवाज ऐकू येत नव्हता. एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. याजक चुकला, देवाने ऐकलं.

तीन आठवडे वहीत टिपून ठेवा: तारीख, कोणती पाळी होती, किती तास झोप झाली, कुशीवर की पाठीवर, प्रसंग किती वेळ टिकला, गोळी किती वाजता घेतली. खोलीत जाड पडदा लावा, कुशीवर झोपा, पाळी संपण्याआधीच्या पाच-सहा तासांत चहा-कॉफी टाळा. सकाळी एका दमात सात तास होत नसतील तर दुपारी उरलेली झोप पूर्ण करा. ती वही घेऊन गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि नाइट सलग लावता येतील का, हे इन्चार्ज सिस्टरना विचारा. दोन दिवस नाइट, एक दिवस सकाळ असं फिरणं सर्वांत वाईट. प्रसंग दर आठवड्याला येऊ लागले, दिवसा आवरता न येणारी झोप येऊ लागली किंवा हसताना गुडघे लटपटू लागले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर वाट न पाहता १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फिरवा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

तुमच्यात दुष्टात्मा वस्तीला असल्याची एकही खूण आम्हाला तुमच्या पत्रात दिसत नाही. मार्कच्या पाचव्या अध्यायातला माणूस थडग्यांमध्ये राहत होता, साखळ्या तोडत होता, रात्रंदिवस ओरडत होता, दगडांनी स्वतःला ठेचून घेत होता. तुम्ही वॉर्डात वेळेवर इंजेक्शनं देता, प्रार्थनेला बसता, आणि ख्रिस्त दुरावेल या भीतीने रडता. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती अशी वेगवेगळी नावं आहेत. म्हणजे आजार आणि दुष्टात्मा यांतला फरक सुवार्ता लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होता. सोळाशे चौदा सालच्या रोमन कॅथलिक विधिग्रंथात भूत काढण्याच्या कामावरच्या याजकाला पहिलीच ताकीद आहे, की कोणालाही भूतबाधा झाली असं सहजासहजी मानू नये.

मैत्रीण म्हणते त्याबद्दल. फादर तुमच्यासाठी प्रार्थना करतील, आशीर्वाद देतील, ते कोणालाही मागता येतं. भूत काढण्याचा औपचारिक विधी मात्र वेगळा. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या कायद्यातलं कलम ११७२ म्हणतं, की त्या भागाच्या धर्माध्यक्षांच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय तो कोणीही करू नये, आणि परवानगीही धार्मिक, जाणत्या, विवेकी याजकालाच द्यावी. ही सावधगिरी उगाच नाही. जर्मनीत क्लिंगेनबर्ग इथे १९७६ साली फेफऱ्याचा आजार असलेली २३ वर्षांची विद्यार्थिनी अशा विधींच्या काळात अन्नावाचून गेली. सुमारे दहा महिन्यांत ६७ सत्रं झाली होती. धर्माध्यक्षांची परवानगी होती, वैद्यकीय उपचार मात्र सुटले होते. मरताना वजन जेमतेम ३१ किलो. १९७८ साली कोर्टाने आईवडील आणि दोन याजकांना दोषी ठरवलं. परवानगी असूनही डॉक्टर सुटला की काय होतं, ते यात दिसतं.

सभेत दिसणाऱ्या आणखी एका गोष्टीने फार माणसं फसतात. सुटकेच्या प्रार्थनेत “जोरात श्वास सोड, आत्मा बाहेर टाक” असं सांगतात. पाच-दहा मिनिटं जोरजोरात श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, बोटं आखडून पंजा वाकडा होतो. तुम्ही इमर्जन्सीत घाबरलेल्या पेशंटमध्ये हा हात पाहिला असेल. तोच वाकडा पंजा सभेत ‘आत्मा प्रकट झाला’ म्हणून दाखवला जातो, आणि बिचाऱ्या माणसाचीही तशी खात्री पटते. मार्कमध्ये सुटलेला माणूस शेवटी कसा सापडतो? वस्त्र नेसलेला, शुद्धीवर आलेला, बसलेला. ज्या सत्रानंतर माणूस घसा बसलेला, अंगावर वळ उठलेला आणि आधीपेक्षा जास्त घाबरलेला घरी जातो, ते सत्र या चित्राशी जुळत नाही.

मारहाण, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी, केस धरून ओढणं यातलं काही झालं, तर भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. करणारा कोणत्या धर्माचा, हे कायदा पाहत नाही. प्रार्थनेला त्यात बंदी नाही.

अकरा हजार देऊ नका. शिष्यांना भुतं काढायचा अधिकार देताना त्याच वाक्याला जोडून येशू म्हणाला, ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या.’ आणि पूर्वजांच्या शापाचं जे सांगितलं, त्यावर पेत्राचं पहिलं पत्र उघडा. पूर्वजांकडून चालत आलेल्या व्यर्थ वागणुकीतून तुमची सुटका झाली ती सोन्यारुप्याने नव्हे, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने. भाऊ नेमके त्याच सुटकेचे पैसे पुन्हा मागत आहेत. आजीबद्दल मनात किळस किंवा भीती धरू नका. तिला जे ठाऊक होतं त्याप्रमाणे ती जगली आणि तुम्हाला तिने वाढवलं. तुमच्याजवळ स्वतःचा एखादा ताईत, दोरा भीतीपोटी ठेवलेला असेल तर तो काढा. इफिसच्या विश्वासी लोकांनी आपली जादूची पुस्तकं जाळली, पण ती त्यांची स्वतःची होती. आईच्या देव्हाऱ्याला हात लावू नका. तो तुमचा नाही.

आता एक जागा अशी आहे जिथे आम्हाला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. ‘सैतानाला वाव देऊ नका’ हे वाक्य सगळे सांगतात. वाव म्हणजे मूळ भाषेत जागा. बांधावर कोणी पत्र्याचं शेड ठोकावं तशी जागा. अतिक्रमण झाल्याने मालकी जात नाही, पण ते हटवावं लागतंच. त्या वाक्याच्या आधीचं वाक्य कोणी वाचत नाही: सूर्य मावळण्यापूर्वी तुमचा राग जावा. पौल जागा दाखवतो ती रागाची. स्वप्नाचं किंवा आजीचं तिथे नावही नाही. भावाशी दोन वर्षांचा अबोला आहे. त्याने अन्याय केलाय, हे खरं. क्षमा म्हणजे हक्क सोडणं नव्हे; बाप्तिस्मा घेतल्याने वडिलांच्या मिळकतीतला मुलीचा हक्क आपोआप जात नाही, तेव्हा वकिलांना जरूर विचारा. पण त्याचं वाईट व्हावं ही इच्छा रोज रात्री सोबत घेऊन झोपत असाल तर ती देवापुढे नाव घेऊन ठेवा. एका दिवसात होणार नाही. वीस वेळा ठेवावी लागेल.

प्रार्थना हवीच. आपल्या मंडळीच्या पाळकांना आणि ज्यांच्यावर भरवसा आहे अशा एक-दोन बहिणींना बोलवा. दिवसा, जेवण झाल्यावर, घरातलं कोणी सोबत असताना, अर्धा-पाऊण तास पुरे. एक स्तोत्र वाचा, कबुली द्या, हात ठेवून साध्या आवाजात प्रार्थना करा. याकोब म्हणतो त्या क्रमाने: आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा, म्हणजे तो पळून जाईल. आत्म्याशी गप्पा मारायच्या नाहीत, त्याला नावगाव विचारत बसायचं नाही. मोबाइलवर चित्रीकरण नको. उपवास करावासा वाटला तर डॉक्टरांना विचारून एक वेळचं जेवण सोडा, पाणी कधीच नाही. एलिया झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. उपदेश नंतर आला.

सभेतल्या भाऊंना समोरासमोर सांगायला जड जात असेल तर एवढं लिहून पाठवा: “भाऊ, माझ्यासाठी काळजी केलीत त्याबद्दल आभार. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी बंद करणार नाही. जागरण, उपवास आणि अर्पण मी करत नाही. प्रार्थना आमच्या पाळकांसोबत घेणार आहे.” त्यावर शाप लागेल, मूल दगावेल, असलं काही उत्तर आलं तर ते पुसू नका. पाळकांना दाखवा आणि तो क्रमांक बंद करून टाका.

येत्या प्रभुभोजनाला मागे बसून राहू नका. तुमच्या पत्राच्या शेवटी ‘घेऊ की नको’ असं खोडलेलं दिसतंय. घ्या.